इमान आणि आमेन : हबक्कूक २:४ या वचनाचा अर्थ



देवाला धरून चालणारा मनुष्य कशाच्या आधाराने जगतो, या प्रश्नाचे उत्तर हबक्कूक भविष्यवाद्याने एका लहानशा वचनात दिले आहे. त्या वचनाचा भावार्थ असा की, गर्विष्ठाचा जीव फुगलेला असतो, तो आतून सरळ नसतो; परंतु नीतिमानाचे जीवन त्याच्या विश्वासावर उभे असते. हे वचन आपल्या मंडळ्यांत वारंवार ऐकू येते. उपदेशक ते सांगतात, शब्बाथशाळेतील मुले ते तोंडपाठ म्हणतात. परंतु फार हातांतून फिरलेल्या नाण्यावरचा छाप जसा झिजतो, तसा फार ओळखीच्या वचनाचा अर्थही झिजतो. यास्तव आज त्याचा छाप पुन्हा नीट पाहावा अशी आमची इच्छा आहे.

असे करण्यास कारणही आहे. पाऊस हुकला, बैल दगावला, घरातले मूल आजाराने गेले, म्हणजे शेजारीपाजारी, आणि कधी कधी आपलेच बांधव, हळूच म्हणतात की, याचा विश्वास उणा पडला असावा. अलीकडे तर मोठमोठ्या सभांतून आणि हातातल्या मोबाइलवरूनही असा उपदेश ऐकू येतो की, विश्वास पुरा असेल तर कणगी भरेल, रोग जाईल, कर्ज फिटेल. हे खरे मानले तर ज्याची कणगी रिकामी राहिली त्या गरीब बांधवाच्या दुःखावर दोषाचा आणखी एक धोंडा येऊन पडतो. त्याने पीक गमावलेच, आता देवही गमावला असे त्यास वाटू लागते. म्हणून प्रश्न असा आहे : विश्वास हे पीक मिळविण्याचे साधन आहे, की पीक बुडाल्यावरही उभे राहण्याचे बळ आहे?

हबक्कूकाचे पुस्तक अवघ्या ३ अध्यायांचे, ५६ वचनांचे आहे. बहुतेक भविष्यवादी देवाच्या वतीने लोकांशी बोलतात. हा भविष्यवादी लोकांच्या वतीने देवाशी बोलतो, किंबहुना देवाशी वाद घालतो. त्याचा काळ म्हणजे ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाची अखेर. ख्रिस्तपूर्व ६१२ मध्ये निनवे पडले आणि अश्शूरांचे राज्य बुडाले. ख्रिस्तपूर्व ६०९ मध्ये धार्मिक राजा योशीया मगिद्दो येथे मारला गेला, आणि लवकरच यहोयाकीम यहूदाच्या गादीवर बसला. हा राजा कसा होता हे यिर्मयाच्या २२ व्या अध्यायावरून कळते. त्याने आपल्यासाठी ऐसपैस वाडा बांधला, आणि ज्या मजुरांनी तो बांधला त्यांची मजुरी बुडवली. अशा राज्यात हबक्कूक देवास विचारतो की, मी किती काळ ओरडू? जुलूम डोळ्यांपुढे चालला आहे, न्यायाचा निवाडा उलटा होतो, आणि तू ऐकत कसा नाहीस?

देवाने उत्तर दिले, परंतु ते ऐकून भविष्यवाद्याचे समाधान होण्याऐवजी तो अधिकच व्याकूळ झाला. मी खास्दी लोकांस उठवीत आहे, असे देव म्हणाला. तेव्हा हबक्कूकाने दुसरा प्रश्न केला : आमचे लोक वाईट खरे, पण खास्दी त्यांहून वाईट, कोळी मासे ओढतो तसे ते राष्ट्रे जाळ्यात ओढतात आणि मग त्या जाळ्याचीच पूजा करतात, थोड्या वाइटाला शिक्षा देण्यासाठी पवित्र देव अधिक वाइटाला हाती कसा धरतो?

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. असा प्रश्न विचारणाऱ्यास देवाने रागावून घालवून दिले नाही, आणि मंडळीनेही त्याचे पुस्तक शास्त्रातून काढून टाकले नाही. ज्या मनुष्याच्या मुखातून विश्वासाचे हे महान वचन आले, त्याच मनुष्याच्या मुखातून हे कडू प्रश्नही आले. तेव्हा देवाला प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास, असे कोणी म्हणू नये. परक्याच्या दारात कोणी गाऱ्हाणे घेऊन बसत नाही. ज्याच्यावर आपला हक्क आहे असे वाटते त्याच्याच दारात माणूस बसतो.

प्रश्न विचारून हबक्कूक निघून गेला नाही. तो पहाऱ्याच्या जागी चढून बसला. ज्वारी दाण्यावर आली म्हणजे राखणदार हातात गोफण घेऊन माळ्यावर बसतो आणि चारी दिशांकडे नजर ठेवतो; त्याप्रमाणे देव काय म्हणतो हे पाहण्यास तो बसला. तेव्हा त्यास आज्ञा झाली की, मिळालेला दृष्टांत पाट्यांवर ठळक लिही, म्हणजे वाचणारा न अडखळता वाचील. त्यास विलंब लागला तरी वाट पाहा, कारण तो ठरल्या वेळी येईलच. आणि या आज्ञेला लागूनच आमचे हे वचन येते. म्हणजे ते वाट पाहणाऱ्यासाठी दिलेले वचन आहे. ज्याच्या हाती अजून काहीच आलेले नाही, त्याने मधला काळ कसा काढावा, हे त्यात सांगितले आहे.

आता ज्या शब्दासाठी आपण मराठीत ‘विश्वास’ म्हणतो त्या मूळ शब्दाकडे वळू. इब्री भाषेत तो शब्द ‘एमूना’ असा आहे. या शब्दाचा मूळ अर्थ स्थिरपणा, खंबीरपणा, भरवसा ठेवण्याजोगेपणा असा होतो. शास्त्रात तो इतरत्र कोठे आला आहे हे पाहिले म्हणजे तो चांगला समजतो. आम्ही दोन स्थळे सांगतो.

पहिले स्थळ निर्गम १७:१२. रफीदीम येथे अमालेक्यांशी लढाई चालली होती, आणि मोशे टेकडीच्या माथ्यावर हात वर करून उभा होता. त्याचे हात जड झाले. तेव्हा त्याच्याखाली एक धोंडा ठेवला, आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरले. अशा रीतीने सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले. तेथे ‘स्थिर’ या अर्थी जो मूळ शब्द आहे तो हाच, एमूना.

दुसरे स्थळ २ राजे १२:१५. यहोआश राजाच्या काळी मंदिराची दुरुस्ती चालली असता सुतार, गवंडी व पाथरवट यांना द्यावयाचे पैसे ज्या माणसांच्या हाती दिले जात, त्यांजपासून कोणी हिशेब घेत नसे, कारण ती माणसे सचोटीने वागत. तेथेही सचोटीसाठी हाच शब्द आहे. योशीयाच्या काळच्या दुरुस्तीविषयीही २ राजे २२:७ मध्ये तेच सांगितले आहे. पाहा, हा शब्द केवळ प्रार्थनेच्या खोलीतला नाही. तो थकलेल्या हातांचा आहे, आणि दुसऱ्याचा पैसा ज्याच्या मुठीत आहे त्या माणसाचा आहे.

हा अर्थ मराठी माणसास परका नाही. आपल्या खेड्यांत ‘इमान’ हा शब्द रोज बोलला जातो. अमुक गडी इमानी आहे, त्याच्या हाती धान्याच्या खोलीची किल्ली देण्यास हरकत नाही, असे आपण म्हणतो; राखण करणाऱ्या कुत्र्यालाही आपण इमानी म्हणतो; आणि खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला बेइमान म्हणतो. हा शब्द अरबी भाषेतून फारशीच्या वाटेने मराठीत आला. अरबी व इब्री या एकाच कुळातील भाषा असल्यामुळे इमान आणि एमूना ही दोन्ही एकाच धातूची लेकरे आहेत. आणि त्याच धातूचे तिसरे लेकरू आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी उच्चारतो. तो शब्द म्हणजे आमेन. हे पक्के आहे, हे खरे आहे, असा त्याचा अर्थ. तेव्हा जो ओठांनी आमेन म्हणतो, त्याने आपल्या चालण्याने इमान राखावे, हे त्या शब्दाच्या रक्तातच आहे.

येथे कोणी दक्ष उपदेशक विचारील : विश्वास म्हणजे इमान, तर मग मनुष्य आपल्या सचोटीने, म्हणजे आपल्या कर्माने तरतो असे झाले नाही काय? पौल प्रेषिताने हेच वचन रोमकरांस पत्र १:१७ व गलतीकरांस पत्र ३:११ येथे घेऊन शिकविले की, नियमशास्त्राच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही. मार्टिन लूथर यानेही १५४५ साली आपल्या ग्रंथांच्या प्रस्तावनेत लिहून ठेविले आहे की, रोमकरांस पत्रातील त्या वचनाचा उलगडा झाला तेव्हा आपला नवा जन्म झाल्यासारखे त्यास वाटले. मग हे दोन अर्थ कसे जुळावे?

हा वाद जुना आहे. १९४७ साली मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील गुहेत मेंढपाळांस ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत हबक्कूकाच्या पहिल्या दोन अध्यायांवरील एक प्राचीन यहूदी टीका होती. तिच्या लेखकाने या वचनाचा संबंध नियमशास्त्र पाळणाऱ्यांशी आणि आपल्या पंथाच्या गुरूवरील त्यांच्या निष्ठेशी लावला आहे. उलट, ख्रिस्तापूर्वी जुन्या कराराचे जे ग्रीक भाषांतर झाले, त्यात ‘त्याचा’ विश्वास या ठिकाणी ‘माझा’, म्हणजे देवाचा, असे आहे. तेथे नीतिमानाचे जीवन देवाच्या इमानावर उभे आहे. इब्री पाठ मनुष्याच्या विश्वासाकडे बोट दाखवितो, ग्रीक पाठ देवाच्या विश्वासूपणाकडे, आणि पौल हे वचन घेताना ‘त्याचा’ किंवा ‘माझा’ असे काहीच म्हणत नाही.

आम्हांस वाटते की, मोशेचे हात पाहिले म्हणजे ही गाठ सुटते. मोशेचे हात स्थिर होते हे खरे. परंतु ते त्याच्या दंडातील बळाने स्थिर नव्हते. बळ केव्हाच संपले होते. त्याच्याखाली धोंडा होता आणि हातांना हात होते. तसेच आमचा विश्वास हा आमचा असला तरी त्याचा टेकू आमचा नाही. देव इमानी आहे, त्याने ख्रिस्तामध्ये दिलेला शब्द तो फिरवीत नाही, यावर आम्ही टेकतो. आणि टेकल्यामुळे आमचे थरथरणारे हात स्थिर होतात. मोल देवाने भरले. आम्ही केवळ धरले आहे. पौलाने ज्या कर्माला नाही म्हटले ते देवाला ऋणी करू पाहणारे कर्म होय. जो पौल गलतीकरांस हे शिकवितो, तोच त्याच पत्राच्या ५:६ मध्ये म्हणतो की, प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास तेवढा उपयोगी आहे. मुळी जिवंत असली म्हणजे पान फुटतेच. पानाने मुळी जगत नाही.

एवढे समजल्यावर दोन चुकीच्या वाटा आपोआप दिसू लागतात.

पहिली वाट सौद्याची. आपल्या पूर्वजांच्या घरी नवस बोलण्याची चाल होती : माझे अमुक होऊ दे, म्हणजे मी तुला तमुक वाहीन. आम्ही देवळाची वाट सोडली. पण नवसाचे मन पुष्कळदा आमच्याबरोबर मंडळीत आले. कोंबडे गेले, त्याच्या जागी उपास आणि वर्गणी आली. सौदा मात्र तोच राहिला. ज्याचा देवाशी सौदा आहे तो पीक आले की देवाला ओळखतो आणि पीक गेले की दुसरे दार पाहतो. हबक्कूकाचे वचन अशा मनाला सरळ नव्हे असे म्हणते.

दुसरी वाट नुसत्या शब्दांची. सभेत मोठ्याने आमेन म्हणावे, आणि मोंढ्यावर मापात मारावे. मंडळीत प्रार्थना चालवावी, आणि शेतावरच्या बाईची मजुरी दोन आठवडे अडकवून ठेवावी. हबक्कूकाने या वचनानंतर लागलीच पाच धिक्कार उच्चारले आहेत : दुसऱ्याचे धन लुटून साठवणाऱ्यास, अन्यायाच्या कमाईने आपले घर उंच करणाऱ्यास, रक्तपाताने नगर वसविणाऱ्यास, शेजाऱ्याला पाजून त्याची विटंबना करणाऱ्यास, आणि मुक्या मूर्तीला जागी हो म्हणणाऱ्यास. अशा घराच्या भिंतीतला दगड ओरडेल आणि आढ्यातले लाकूड त्यास साद देईल, असे तो म्हणतो. आम्ही घरात देवाचे नाव घेत असू आणि भिंतीतले दगड दुसरेच काही बोलत असतील, तर देव दगडांचे ऐकेल.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. या लहान पुस्तकाचा शेवट एका गीताने होतो, आणि त्या गीताच्या शेवटी भविष्यवादी सहा गोष्टी मोजतो : अंजीर, द्राक्ष, जैतून, शेताचे धान्य, मेंढवाड्यातली मेंढरे आणि गोठ्यातली गुरे. त्या देशातल्या शेतकऱ्याचे सर्वस्व या सहांत आले. ही सहाही गेली असे तो समजतो, आणि तरीही आपण परमेश्वराच्या ठायी आनंद करू असे म्हणतो. विश्वासाने कणगी भरते असे त्याने म्हटले नाही. कणगी रिकामी असता जे उरते त्याचे नाव त्याने सांगितले.

आपल्या महाराष्ट्रातील मंडळ्यांस या गीताची विशेष गरज आहे. १८७६ ते १८७८ च्या, आणि पुढे १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत पुष्कळ अनाथ मुले व निराधार माणसे मिशनांच्या आश्रयास आली. पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुली व स्त्रिया यांस आश्रय दिला आणि केडगाव येथे त्यांची वस्ती वसविली. तेव्हापासून एक टोमणा आपल्या पाठीस लागला आहे की, हे लोक भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. या टोमण्याने लाजण्याचे कारण नाही. भुकेल्याने भाकर घेतली यात पाप कोणते? प्रभु येशूने स्वतः अरण्यात ५,००० पुरुषांस जेवू घातले. परंतु त्याच योहानाच्या ६ व्या अध्यायात पुढे असेही लिहिले आहे की, नुसत्या भाकरीसाठी आलेल्यांस त्याने आणखी खोल बोलावले, तेव्हा पुष्कळ जण मागे फिरले. यावरून खरी कसोटी कळते. माणूस कशासाठी आला यापेक्षा, भाकर बंद झाल्यावर तो कोठे उभा आहे, यावरून त्याचे इमान कळते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर दिवसभर राबून जे रविवारी उपासनेस येऊन बसत, त्यांनी त्या टोमण्यास उत्तर दिले. आणि ते शब्दांनी दिले नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. देवाने हबक्कूकास सांगितले की, खास्दी लोकांचाही निवाडा होईल. ख्रिस्तपूर्व ६०५ मध्ये कर्कमीश येथे खास्दी विजयी झाले. ख्रिस्तपूर्व ५८६ मध्ये त्यांनी यरुशलेम व मंदिर जाळले. आणि बाबेल कोरेशाच्या हाती पडले ते ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये. म्हणजे मध्ये ६६ वर्षे गेली. ज्या प्रौढ माणसांनी हे वचन प्रथम ऐकले त्यांपैकी बहुतेकांनी त्याची पूर्ती पाहिली नाही. मंदिराची राख मात्र पाहिली. तरी त्यांनी ती पाटी जपली, मुलांस वाचून दाखविली, म्हणून ती आमच्या हाती आली. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने १० व्या अध्यायात हेच वचन घेतले, तेही ज्यांची मालमत्ता विश्वासापायी लुटली गेली होती अशाच लोकांस धीर देण्यासाठी.

परंतु आम्हां ख्रिस्ती लोकांस हबक्कूकाहून अधिक मिळाले आहे. त्याने दुरून पाहिले. आम्हांस वधस्तंभ दाखविला आहे. तेथे एकच पूर्ण नीतिमान टांगला गेला. त्याच्या हाती पीक नव्हते, मित्र पळाले होते, आणि देवाने का सोडले हा प्रश्न त्याच्याही ओठांवर होता. तथापि त्याने आपला आत्मा पित्याच्याच हाती सोपविला. विश्वास उणा असल्यामुळेच दुःख येते असे जो म्हणतो त्याने या वधस्तंभासमोर उभे राहून ते म्हणून पाहावे. तिसऱ्या दिवशी पित्याने त्यास उठविले, आणि देव इमानी आहे हे कायमचे सिद्ध झाले. म्हणूनच प्रकटीकरण ३:१४ मध्ये ख्रिस्ताला ‘आमेन’ हेच नाव दिले आहे. आपण ज्यावर टेकतो तो धोंडा तोच होय.

खेड्यापाड्यांत सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंस आम्ही शेवटी एवढेच विनवितो. ज्याचे पीक गेले, ज्याचे मूल गेले, त्याच्या ओसरीवर जाल तेव्हा त्याचा विश्वास मोजू नका. अहरोन व हूर यांनी मोशेला हात खाली का आले असे विचारले नाही. ते जवळ उभे राहिले आणि त्यांनी हात धरले, तेही सूर्य मावळेपर्यंत. तुम्हीही धरा. त्याच्या घरी दोन पायली ज्वारी पोहोचवा, त्याच्या कर्जाचा कागद वाचून समजावून सांगा, त्याचे कडू प्रश्न ऐकून घ्या आणि हबक्कूकाचा पहिला अध्याय त्यास वाचून दाखवा, म्हणजे आपण एकटे नाही हे त्यास कळेल. तिसरा अध्याय वाचण्याची घाई करू नका. तो त्याच्या तोंडून वेळेवर निघेल.

आणि आपण सर्वांनी येत्या रविवारी प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणताना त्याचा अर्थ मनात आणावा : देव इमानी आहे, आणि त्याच्या साहाय्याने आम्ही मापात, मजुरीत, दिल्या शब्दात आणि दुःखात इमान राखू. प्रभु आपणा सर्वांचे थकलेले हात स्थिर करो.